शेवटचे पुस्तक थोरल्याकडे

आई गेल्या वर्षी हळद शिजवण्याच्या दिवसांत वारली. शिरड शहापूरला, धाकट्या मुलाच्या घरी, दुपारच्या जेवणानंतर. नऊ वेशींच्या कथांमधले एकच पुस्तक तिचे ऐकायचे राहिले होते. ते शेवटचे होते, आणि ते रस्त्याच्या पलीकडे, थोरल्या मुलाच्या कपाटात होते.

यंदाची हळद आता निघाली आहे. हिंगोलीहून औंढ्याकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीतून सकाळी शेताशेतांवर वाफेचे पांढरे खांब दिसतात. जवळ गेले की वास येतो. आधी ओल्या मातीचा, मग उकडलेल्या कंदाचा गोडसर, थोडा उग्र. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचे तळहात पिवळे असतात. तिकिटाच्या पैशांनाही तो रंग लागतो. महिनाभर या भागात कोणाचेच हात स्वच्छ नसतात.

याच आठवड्यात स्नेहलचा फोन आला. ती माझ्या थोरल्या भावाची मुलगी, पुण्यात शिकते. नऊ वेशींच्या कथा आता मोबाइलवर ऐकायला मिळू लागल्या आहेत आणि तिच्या मैत्रिणींनी त्या सुरू केल्या आहेत.

"आत्या, कुठून सुरू करू? इथं तर सगळे भांडून राहिले."

भांडण्यासारखेच ते आहे. एक शहर आहे, त्याला नऊ वेशी आहेत. प्रत्येक वेशीतून निघणारी वाट वेगळ्या मुलखात जाते आणि प्रत्येक वाटेची स्वतंत्र पुस्तकमाला आहे. तिसऱ्या वेशीतून तरुणपणी निघालेला मिठाचा व्यापारी सातव्या वेशीच्या पुस्तकात म्हातारा होऊन परततो. एका मालेत दरोडेखोर म्हणून मारला गेलेला माणूस दुसऱ्या मालेत कोणाचा तरी बाप असतो, आणि मुलगी दारात त्याची वाट पाहत असते. लेखकाने ही पुस्तके कितीतरी वर्षे लिहिली, आधीचे नंतर आणि नंतरचे आधी. शहर मुळात बांधले कसे, हे तर त्याने जवळजवळ सर्वांत उशिरा लिहिले.

स्नेहलच्या सांगण्यानुसार आता तीन पक्ष आहेत. पुस्तके जशी छापली गेली तशीच घ्यावीत, असे एक पक्ष म्हणतो. कथेतला काळ जसा सरकतो तसे, म्हणजे शहर बांधण्यापासून सुरू करावे, असे दुसरा म्हणतो. तिसरा पक्ष एकेक वेस पूर्ण करून पुढे जाणाऱ्यांचा. आमच्या घरातला क्रम यातला एकही नव्हता.

वडील एसटीत कंडक्टर होते. नवे पुस्तक आले की ते हिंगोलीच्या बसस्थानकावरून घ्यायचे आणि धान्याच्या मोंढ्यामागे रहीमचाचांकडे बांधायला टाकायचे. सगळ्यांना एकच निळे कापड. वर नाव नाही, आकडा नाही. दोन-तीनदा सगळी वाचून झाल्यावर वडिलांनी त्यांचा क्रम लावला. तो कुठे लिहिला नव्हता, फळीवरची रांग हाच क्रम. सुरुवात चौथ्या वेशीच्या एका लहानशा पुस्तकापासून होती. त्यात एका कुंभाराचे गाढव हरवते, एवढेच घडते. ते वाचणाऱ्याला आपण एका अफाट गोष्टीत शिरलो आहोत, याची कल्पनाही येत नाही. शहर बांधण्याचे पुस्तक वडिलांनी पार पुढे सरकवले होते. ते म्हणत, "वेस कोणी बांधली हे आधीच कळलं, तर वेशीतून आत यायचं काहून?"

वाचायचे मोठ्याने, ओट्यावर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असे. ही सवय विहारातली. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बुद्धविहारात ग्रंथवाचन व्हायचे आणि वडील वाचायचे. एखाद्या माणसाचे प्रकरण चुकले, तर दुसऱ्या दिवशी त्याला मागचे सांगून मगच पुढचे पान उलटायचे. मधले गाळून कोणी पुढे जायचे नाही. वडिलांनी तोच नियम घरी या पुस्तकांना लावला. इतर घरांत लोक गोष्टीची पुस्तके कशीही वाचत. आमच्याकडे त्यांना ग्रंथाची शिस्त होती.

दहावीची परीक्षा हळदीच्याच दिवसांत येते. भूगोलाच्या पुस्तकात पाचव्या वेशीचे पुस्तक घालून वाचताना मी एकदा सापडले. परीक्षेबद्दल वडिलांनी शब्द काढला नाही.

"पुढचं वाचलंस?"

"व्हय."

"मंग राहुलला सांगू नको. त्याचं मधलं राहिलंय."

राहुल माझा धाकटा भाऊ. थोरला मिलिंद, त्याला मी दादा म्हणते. राहुलला मी काही सांगितले नाही. पण त्या रात्रीपासून तो माझ्या तोंडाकडे संशयाने पाहायचा, कोण मरणार आहे ते माझ्या चेहऱ्यावर दिसते का, म्हणून.

त्या काळातली पुस्तके आजही ओळखता येतात. हळदीच्या हंगामात वाचलेल्या पुस्तकांच्या पानांचे खालचे कोपरे पिवळे आहेत.

आईला वाचता येत नव्हते. वडील ओट्यावर वाचत तेव्हा ती आत चुलीपाशी असायची. भाकरी थापण्याच्या आवाजात काही वाक्ये बुडायची, कोणी पाणी मागितले की एखादा प्रसंग जायचा. सगळ्या कथा तिने तुकड्यातुकड्याने ऐकल्या होत्या. एक पात्र मात्र तिने कधी सोडले नाही. दिवेवाली. ही बाई प्रत्येक पुस्तकात एखाद्या पानापुरती येते, वेशीवरचा दिवा लावते, उभ्या माणसाशी एखादे वाक्य बोलते आणि जाते. ती कोण, कोणासाठी दिवा लावते, हे कुठेच सांगितलेले नाही. ते सांगणारे पुस्तक शेवटचे. मध्ये बरीच वर्षे गेल्यावर ते आले तेव्हा वडील निवृत्त होते आणि आजारी होते. त्यांनी ते बांधून आणले आणि रांगेच्या टोकाला ठेवले.

"हे आत्ता न्हाई," ते म्हणाले. "एकदा सगळं पयल्यापासून वाचू, मंग हे."

पुन्हा वाचायला सुरुवात होण्याआधी ते गेले.

राहुलच्या लग्नानंतर वाटणी झाली. आमच्याकडे रिवाज असा की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. आपल्या वाट्याला काय उरेल ते माहीत नसल्याने थोरला वाटे समान पाडतो. शेत, विहिरीच्या पाण्याचे दिवस, भांडी, पत्रे, सगळे पंचांसमोर असेच झाले. आईची पाळी ठरली. एक महिना दादाकडे, एक महिना रस्त्यापलीकडे राहुलने बांधलेल्या घरात. घर पौर्णिमेला बदलायचे. मग पुस्तकांचे कपाट उघडले.

"हे सगळं एकाकडं ठेवा," पंचांपैकी शेजारचे गणपतकाका म्हणाले. "दुसऱ्यानं तिथं जाऊन वाचावं."

"कोणाकडं?" दादाने विचारले.

राहुल म्हणाला, "बराबर वाटा. एक त्याला, एक मला."

"आरं, बैलजोडी हाये का ही, एकेक बैल सोडून न्यायला?"

"बैलजोडीबी तशीच वाटली ना, काका, आत्ता?"

लोक हसले. सतरंजी अंथरली आणि फळीवरून एकेक पुस्तक रांगेने उतरवले. पहिले राहुलपुढे, दुसरे दादापुढे, तिसरे पुन्हा राहुलपुढे. शेवटचे दादाकडे गेले. वाटणी चोख झाली. आता लागोपाठची कोणतीही दोन पुस्तके एका घरात नव्हती.

आई दाराशी बसली होती. ती म्हणाली, "पयलं राहुलकडं गेलं का? मंग आधी मी राहुलकडंच ऱ्हाते."

धाकट्यावर जास्त जीव, असा याचा अर्थ सगळ्यांनी घेतला. दादानेही तोच घेतला.

यानंतरची तीन-साडेतीन वर्षे आईने त्या कथा ज्या क्रमाने ऐकल्या, तो शोधून काढायला मला बराच वेळ लागला. पौर्णिमेला ती पांढरे लुगडे नेसून विहारात वंदनेला जायची. जाताना कपड्यांची पिशवी सोबत असायची. वंदना झाली की ती आली त्या घरी परत जायची नाही, दुसऱ्या घरी जायची. राहुलकडे दुपारी त्याची बायको प्रज्ञा अंगणवाडीतून आल्यावर वाचायची. दादाकडे संध्याकाळी दादा स्वतः वाचायचा, वडिलांसारखा, पण भरभर. महिन्याला एकच पुस्तक. पुस्तक लवकर संपले तरी आई दुसरे घेऊ द्यायची नाही.

"आत्याबाई, दुसरं काढू का?" प्रज्ञा सासूला विचारायची. "पुनवेला लई दिवस हायेत."

"न्हाई. याच्या पुढचं तिकडं हाये."

प्रज्ञाला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला. तो हिशेब होता. एक पुस्तक, एक पौर्णिमा, मग रस्ता ओलांडायचा आणि पुढचे पुस्तक. दोन मुलांनी जे फोडले होते, ते आई पायी चालून जोडत होती. वडिलांचा क्रम तिने एका पुस्तकानेही मोडला नाही. आता अखंड ऐकायला मिळत होते, चुलीचा आवाज नव्हता. प्रत्येक पुस्तकात ती विचारायची, "ती आली का?" दिवेवाली आली की ती वाचणाऱ्याला थांबवायची आणि ते पान दोनदा वाचायला लावायची.

विहाराच्या पायरीवर एकदा मी तिला विचारले, "माय, तुला काय वाटतं? कोणाची वाट बघते ती?"

"कोणाचीच न्हाई," आई म्हणाली. "ती बघून राहिली, कोण कोणाकडं जातंय ते."

मग पिशवी उचलून दादाच्या घराकडे गेली. राहुलकडच्या पुस्तकात काय झाले ते दादाला आणि दादाकडच्या पुस्तकात काय झाले ते राहुलला तीच सांगायची. मागचे सांगितल्याशिवाय पुढचे पान उलटू द्यायची नाही. दोन्ही भावांना कथा कळत होती ती एवढ्यामुळेच. एकमेकांशी ते बोलत नव्हते.

दोघांची शेते लागून आहेत. हळद शिजवायचा कुकर ट्रॅक्टरमागे ओढून गावोगाव फिरतो आणि त्याचा नंबर लावावा लागतो. वाटणीनंतरही दोघांत एकच कुकर यायचा. आधी दादाचे शेत, मग राहुलचे. गेल्या वर्षी राहुलची हळद आधी खोदून झाली. कुकरवाला त्याच्याच बांधाशी थांबला आणि राहुलने त्याला तिथेच लावून घेतले. दादाची खोदलेली हळद काही दिवस ढिगात पडून राहिली. वरच्या थरातली थोडी नासली.

त्याच दिवसांत माघ पौर्णिमा आली. आई वंदना करून पिशवी घेऊन दादाच्या दाराशी आली. पुढे जे झाले ते प्रज्ञाने मला सांगितले. दादाची बायको संगीतावहिनी तेव्हा दारात होती आणि तिने ते नाकारलेले नाही.

"माय, हळद होऊ दे," दादा म्हणाला. "घरात पाय ठेवायला जागा न्हाई."

"मी कोपऱ्यात बसंन."

"त्याच्याकडं हाये की जागा. त्याची झाली ना हळद. आधीच झाली."

आई रस्ता ओलांडून परत आली.

मी हिंगोलीहून, माझ्या वर्तमानपत्राच्या कचेरीतून, दादाला फोन केला. "मायला घरी ने."

"नेतो. हळद होऊ दे."

"मंग पुस्तक तरी दे. शेवटचंच राहिलंय तिचं."

"मागू दे त्याला."

"माय मागून राहिली, दादा."

"मायला म्या न्हाई म्हनलं का? नंबर मोडला त्यानं, त्यानं यावं. इतं यावं आन् मागावं."

राहुलला फोन केला. तो शेतात होता, मागे कुकरचा आवाज नव्हता, त्याचे काम उरकले होते.

"म्या काहून मागू? त्याच्याकडं पुस्तक हाये, माझ्याकडं माय हाये. मोठं कोण?"

हे त्याने उत्तर म्हणून विचारले होते.

मी रहीमचाचांकडे गेले. ते आता बांधणीचे काम कमी करतात, जुनी पुस्तके विकतात. आठवडाभरात त्यांनी शेवटच्या पुस्तकाची एक प्रत कुठून तरी मिळवून दिली. पुठ्ठा निघालेला होता.

"ये तो आखरीवाली है, बेटा," ते म्हणाले. "तुम्हारे अब्बा का तो पूरा सेट था. मैंच बाँध के दिया था."

"है, चाचा. दो घर में है."

"किताबाँ का भी बटवारा?" त्यांनी चष्मा काढला. "जमीन का सुने थे."

त्या रविवारी मी शिरडला गेले. अंगणात हळद वाळत होती आणि आई दाराशी बसून ती हाताने खालीवर करत होती. मी प्रत तिच्या मांडीवर ठेवली. तिने पुठ्ठ्यावरून बोटे फिरवली. निळे कापड नव्हते, हे तिला स्पर्शाने कळले.

"हे आपलं न्हाई."

"आतलं तेच हाये, माय. वाचू का?"

"तेच आसंल. पन हे त्याच्या घरून आलं न्हाई."

"मंग?"

"मंग काय? पुनवेला जातेच ना मी तिकडं. बारा-पंधरा दिवस तर राहिले." प्रत माझ्याकडे सरकवून म्हणाली, "नेऊन दे ज्याचं त्याला."

त्या दिवशी मी तिला शेवटचे पाहिले. फाल्गुन पौर्णिमा पाच-सहा दिवसांवर असताना ती दुपारी जेवून आडवी झाली आणि उठली नाही. प्रज्ञा अंगणवाडीतून आली तेव्हा पिशवी भरलेली दिसली. कपडे आधीच घडी करून ठेवलेले होते.

बातमी लिहिणारे शेवट पहिल्या ओळीत लिहितात. वाचक केव्हाही उठून जाईल, हे आम्हाला शिकवलेले असते. म्हणून कोण गेले ते आधी, कसे गेले ते नंतर, आणि का, ते जागा उरली तर. जागा कमी पडली की पान लावणारा कात्री चालवतो ती खालून. वडिलांचा क्रम याच्या बरोबर उलट होता. त्यात ऐकणारा शेवटपर्यंत बसणार, हे गृहीत होते. हरवलेल्या गाढवापासून सुरू करून दिवेवालीपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तो सगळ्यांकडे असतो, असे त्यांना वाटायचे. त्यांना स्वतःला तो मिळाला नाही. आईला जवळजवळ मिळाला. मोबाइलवर भांडणाऱ्या तिन्ही पक्षांचा वाद वाचताना मला एवढेच जाणवते, की कोणता क्रम चांगला, हे ते सगळे वेळ संपणार नाही असे धरून ठरवत आहेत.

आईच्या जलदान विधीच्या दिवशी दादा राहुलच्या घरी आला. हळद नुकतीच पोत्यांत भरून आला होता, हात मनगटापर्यंत पिवळे होते. भिक्खूंचे परित्राणपठण झाल्यावर तो अंगणाच्या कडेला माझ्याजवळ उभा राहिला.

"पयल्या दिवशी ती त्याच्याकडंच गेली होती," तो म्हणाला. "वाटणीच्या दिवशी. माझं घर मोठं असून."

"पयलं पुस्तक त्याच्याकडं गेलं म्हणून गेली. सगळ्यांसमोर बोलली होती ती."

त्याने आपल्या हातांकडे पाहिले.

"हात धुतो," म्हणाला आणि हौदाकडे गेला. तिथून तसाच रस्ता ओलांडून घरी गेला. जेवायला थांबला नाही.

रहीमचाचांची प्रत मी परत केली. "पढे नहीं?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. दिवेवाली कोणासाठी दिवा लावते, हे मला माहीत नाही. मोबाइलवर शेवटचे पुस्तक अजून आलेले नाही.

स्नेहलला मी आजोबांचा क्रम द्यायचा ठरवला. दोन्ही घरच्या रांगा एकात एक ओवल्या की तो पुन्हा मिळायला हवा होता. दादाच्या कपाटाचा फोटो संगीतावहिनीने पाठवला. पुस्तके वाटणीच्या दिवशी ठेवली तशीच आहेत. राहुलकडची मात्र आई गेल्यावर घराला रंग देताना फळीवरून काढली आणि एका पोत्यात भरली. प्रज्ञाला पहिली काही आणि शेवटची काही आठवतात. मधली तिला आठवत नाहीत, मलाही नाहीत. ती कोणत्या महिन्यात वाचली हे ओळखायला तिने कोपरे पाहिले. पिवळ्या कोपऱ्यांवरून हंगाम कळतो, वर्ष कळत नाही, आणि काही पिवळेपण वडिलांच्या काळचे आहे.

"म्हणजे अर्धाच क्रम," स्नेहल म्हणाली.

"हो. एक सोडून एक."

"आणि शेवटचं, आत्या? ते आमच्याच घरी आहे ना?"

"आहे."

"मी सुट्टीत मागितलं होतं. पप्पा म्हणाले, ते वाचायचं नाही. मी विचारलं, तुम्ही वाचलं का? तर उठून शेतात गेले."

दादाने ते वाचले आहे की नाही, याला दुजोरा मिळालेला नाही.

यंदा माघ पौर्णिमेनंतर शिरडमध्ये कुकर आले. दादाने एक बोलावला, राहुलने दुसरा. नंबरचा प्रश्न आला नाही. सकाळी दोन्ही शेतांवरून एकाच वेळी वाफ निघत होती. शेवटचे पुस्तक दादाच्या कपाटात रांगेच्या टोकाला आहे. मी गेले तेव्हा वहिनीने ते माझ्यासाठी काढून दाखवले आणि परत ठेवले. त्याच्या पानांचे कोपरे पांढरे आहेत.